उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे?

गेल्या महिन्यात या सदरात मी सहज लिहून गेलो की, स्पर्धा परीक्षेतलं 'दिशा व अंतर'चं गणित म्हणजे आमच्या मोजणी खात्यातल्या पहिल्या आठवड्याचा धडा. त्यावर टेबलभर पत्रं आली. म्हणून हा अंक त्यांनाच. नव्या वाचकांसाठी सांगतो: मी भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं सर्व्हेअर होतो. निम्मी हयात साताऱ्या-सांगलीकडं गेली, शेवटची तीन वर्षं वर्धा जिल्ह्यात. आता घरी असतो. संध्याकाळी गल्लीतली चार पोरं वही घेऊन येतात आणि माझा चहा गार करतात.

प्रश्न : सर, सराव पेपरात असं गणित आलं. एक मुलगा घरातून निघून उत्तरेला १५ मीटर चालला, उजवीकडे वळून २० मीटर, पुन्हा उजवीकडे वळून ६ मीटर आणि शेवटी डावीकडे वळून २० मीटर. तर तो घरापासून किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला? मी ६१ लिहिलं, माझा मित्र ४९ म्हणतो, उत्तरसूचीत ४१ आहे. आमचं कुठं चुकलं? (पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण, बार्शी)

उत्तर : तुम्ही त्या पोराच्या चपला किती झिजल्या ते मोजलंत. ६१ ही पायपीट झाली. प्रश्न विचारतो, घराच्या उंबऱ्यापासून तो उभा आहे तिथपर्यंत दोरी ताणली तर ती किती लागेल. मित्रानं निम्मं बरोबर केलं आणि शेवटच्या पायरीवर घसरला.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडं उत्तर-दक्षिणेचं खातं, उजवीकडं पूर्व-पश्चिमेचं. उत्तर जमा, दक्षिण नावे, म्हणजे वजा. पूर्व जमा, पश्चिम नावे. आता पोराला चालवा. उत्तरेला १५, जमा. तोंड उत्तरेला असताना उजवा हात पूर्वेला, म्हणून पूर्व खात्यात २० जमा. तोंड पूर्वेला असताना उजवा हात दक्षिणेला, म्हणून ६ नावे. आता तोंड दक्षिणेला आहे आणि डावीकडं वळायचंय. इथं निम्मी पोरं पडतात. कागदावरची डावी बाजू पश्चिम दिसते, म्हणून डोळे झाकून पश्चिम लिहितात. पण दक्षिणेकडं तोंड करून उभं राहिलं की डावा हात उगवतीला येतो. म्हणजे पूर्व खात्यात आणखी २० जमा.

शिल्लक काढा. उत्तर ९, पूर्व ४०. मित्रानं यांची बेरीज केली. ती म्हणजे रानाच्या दोन बांधांवरून चालत जाणं झालं. रानातून तिरकं गेलात तर ८१ अधिक १६००, म्हणजे १६८१, त्याचं वर्गमूळ ४१. आठ मीटर कमी. पेपर काढणाऱ्यांना असली त्रिकुटं फार आवडतात: ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५, ९-४०-४१. एवढी पाच पाठ असली की बहुतेक वेळा वर्गमूळ काढावंच लागत नाही. ३-४-५ तर गावचा गवंडीही जाणतो. पाया आखताना एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करतो, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं की म्हणतो, कोपरा गुण्यात आहे, म्हणजे बरोबर काटकोनात.

दिशेचं उत्तर सूचीत 'ईशान्य' असणार. परीक्षेत तेच लिहा, पण माझ्यातला सर्व्हेअर कुरकुरतो. बरोबर ईशान्य म्हणजे उत्तर आणि पूर्व यांच्या नेमकं मध्ये, ४५ अंशावर. हा पोरगा पूर्व दिशेपासून जेमतेम १३ अंश उत्तरेकडं सरकलाय. खरेदीखताच्या चतुःसीमेत मी त्याला बेलाशक 'पूर्वेस' लिहिलं असतं. गुण आधी घ्या, भांडण नंतर.

आणि एक. त्याच गणिताच्या खाली कधी कधी विचारतात, 'त्याचे घर कोणत्या दिशेला आहे?' तिथं उत्तर नैऋत्य. पोरगा घरापासून ईशान्येला, घर पोरापासून नैऋत्येला. 'पासून' हा शब्द कुणाला चिकटलाय ते बघितल्याशिवाय पर्यायावर गोल करू नका.

परीक्षेच्या हॉलमध्ये उठून गरागरा फिरता येत नाही, म्हणून माझ्या पोरांना मी पेन वापरायला लावतो. पेन कागदावर आडवं ठेवायचं, टोक म्हणजे नाक. 'उजवीकडे वळला' म्हटलं की पेन तसं वळवायचं आणि टोक कुठं आलं ते वाचायचं. कागद मात्र हलवायचा नाही. कागद हलला की उत्तर दिशाही हलली.

ही अक्कल मला पुस्तकातून आलेली नाही. नोकरीचं दुसरं वर्ष, सातारा जिल्ह्यातलं एक गाव, उसाची लागण नुकती झालेली. हातात जुनं टिपण होतं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: टिपण म्हणजे शेताचा जुना कच्चा नकाशा. मधून एक आधाररेषा, आणि तिच्यावर ठरावीक ठिकाणी डाव्या-उजव्या अंगाला काटकोनात काढलेली अंतरं. सगळं साखळी आणि आण्यांत. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. म्हणजे टिपण हे अगदी तुमच्या पेपरातलंच गणित असतं: इतकं सरळ चाल, तिथून उजव्या हाताला इतकं जा.

मी आधाररेषेच्या भलत्याच टोकाला उभा राहिलो. टिपण दक्षिणेकडून उत्तरेला लिहिलेलं, मी उत्तरेकडून दक्षिणेला चाललो. डावं-उजवं मात्र वहीत होतं तसंच वाचत गेलो. दोन तास खुंट्या ठोकल्या. शेतमालक म्हातारा होता, बांधावर बसून तंबाखू मळत सगळं बघत होता. शेवटची खुंटी ठोकल्यावर शांतपणे म्हणाला, "सायेब, रातीत माझी हीर शेजारच्या रानात गेली व्हय?"

मी वळून बघितलं. विहीर माझ्या खुंट्यांच्या बाहेर, चांगली चाळीस पावलं. सगळ्या खुंट्या उपटल्या. त्या दिवसापासून टिपण उघडलं की आधी उत्तरेचा बाण शोधायचा, मग साखळी सोडायची.

प्रश्न : 'घड्याळाच्या काट्याच्या दिशेने १३५ अंश वळला, मग उलट ४५ अंश' असं आलं की डोकं चालत नाही. (वाचक, लातूर)

उत्तर : उत्तर शून्य धरा, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. काट्याच्या दिशेनं वळला की मिळवा, उलट वळला की वजा करा. तोंड उत्तरेला असेल तर १३५ वजा ४५ म्हणजे ९०, पूर्व. बेरीज ३६०च्या वर गेली तर ३६० काढून टाका. आणि माणूस ईशान्येला १० किलोमीटर तिरका चालला, तर दोन्ही खात्यांत सात-सात जमा करा. नेमकं सांगायचं तर ७.०७.

प्रश्न : मुलगी पाचवीच्या शिष्यवृत्तीला बसली आहे. 'सूर्योदयानंतर एका मुलाची सावली त्याच्या उजवीकडे पडली, तर त्याचे तोंड कोणत्या दिशेला?' याचं उत्तर दक्षिण, हे तिला पटलं. पण नंतर तिनं विचारलं, "आई, सूर्य पूर्वेला उगवतो तर आपल्याकडे जूनमध्ये ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून का येतं? ती खिडकी तर उत्तरेची आहे." मला सांगता आलं नाही. (एक आई, चिंचवड)

उत्तर : ताई, तुमच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळो न मिळो, माझ्याकडून एक पेन नक्की मिळेल.

गणितातला सूर्य रोज बरोबर पूर्वेला उगवतो. खरा सूर्य तसा वर्षातून दोनदाच उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. एरवी तो क्षितिजावर सरकत असतो. पुण्या-चिंचवडच्या अक्षांशावर २१ जूनला तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडं उगवतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तेवढाच दक्षिणेकडं. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. म्हणजे अडीच मुठी इकडं, अडीच मुठी तिकडं. जूनमध्ये तो उत्तरेकडच्या खिडकीत डोकावतो तो यामुळं. गॅलरीच्या कठड्यावर दर महिन्याच्या एक तारखेला सूर्य कुठून वर येतो तिथं खडूनं खूण करायला सांगा. वर्षभरात तिचं तिलाच कळेल.

दुपारच्या सावलीचीही तीच गंमत. 'दुपारी सावली उत्तरेला पडते' असं पुस्तकं सांगतात, आणि वर्षातले बरेच महिने ते खरंही आहे. पण मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या पायाशी जिरते. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी उत्तरेकडून जातो आणि सावली दक्षिणेला पडते. त्या दिवसांत ढग असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय पुण्याची खरी दुपार बाराला होत नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं, आपण पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास. त्यामुळं सावली सर्वांत आखूड होते ती साडेबाराच्या पुढं-मागं. त्या वेळची सावली म्हणजे पक्की उत्तर-दक्षिण रेषा. होकायंत्र नसेल त्या दिवशी आम्ही याच भरवशावर असायचो.

पेपरात मात्र तिनं 'पूर्व'च धरावं. परीक्षकाच्या घराला उत्तरेची खिडकी नसावी.

प्रश्न : ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य यांची सतत गल्लत होते. सोपी युक्ती? (वाचक, पणजी)

उत्तर : गोव्यात राहून नैऋत्य विसरता? जूनमध्ये समुद्राकडून खाली डाव्या अंगानं पाऊस येतो, ती नैऋत्य. तिच्या समोरची ईशान्य. वास्तुवाले चूल अग्नीच्या कोपऱ्यात मांडायला सांगतात, ती आग्नेय. उरली ती वायव्य. एवढं मात्र ध्यानात ठेवा की वाऱ्याला तो जिथून येतो त्या दिशेचं नाव मिळतं आणि माणसाला तो जिकडं जातो त्या दिशेचं. नैऋत्य मोसमी वारा ईशान्येकडं चाललेला असतो. यावर एक-दोन गुणांचे प्रश्न मी पाहिलेत, आणि त्यात हुशार मुलंही फसलेली पाहिलीत.

प्रश्न : मी रोज सकाळी पाटाच्या कडेनं आणि पुढं मळ्यांतून चालतो. फोन घरी ठेवतो, मुद्दाम. घरापासून किती दूर आणि कुठल्या दिशेला आलो हे नुसत्या चालण्यावरून काढता येईल का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : गुरुजी, हा प्रश्न तुमच्याच व्यवसायातल्या एका माणसानं हिमालयापलीकडं जाऊन सोडवला होता.

कुमाऊँमधल्या मिलम गावचे नैनसिंह रावत हे शाळामास्तर, म्हणून त्यांना 'पंडित' म्हणत. तिबेटात परक्या मोजणीदाराला पाऊल टाकायची बंदी होती, तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियानं डेहराडूनला त्यांना तयार केलं. चढ असो, उतार असो, पाऊल ठरल्या लांबीचंच टाकायचं, ही मुख्य तालीम. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची. शंभर पावलांना एक मणी ओढायचा, म्हणजे माळ पुरी झाली की दहा हजार पावलं. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. दिशा लपवलेल्या होकायंत्रावर बघायची. असे ते १८६६ साली ल्हासाला पोचले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं १८७७ साली त्यांना सुवर्णपदक दिलं. माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून त्यांचं चित्र आहे. साखळी ओढायला चार माणसं दिमतीला असूनही मी वैतागायचो, तेव्हा त्याच्याकडं बघायचो.

आता तुमचं. आधी स्वतःचं पाऊल मोजा. शाळेच्या मैदानावर १०० मीटरची रेघ असते. ती नेहमीच्या चालीनं तीनदा चाला, ऐटीत नाही. समजा सरासरी १४० पावलं पडली, तर एक पाऊल झालं साधारण ७१ सेंटीमीटरचं. चढावर ते आखूड होतं, ओल्या बांधावर त्याहून. मग खिशात चिंचोके ठेवा. शंभर पावलं झाली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात.

वळणापाशी थांबून चिंचोके मोजा आणि कुठल्या दिशेला आलात ते लिहा. पाटानं उत्तरेला ३००० पावलं, मग मळ्यातून पश्चिमेला १२०० पावलं आलात असं धरू. ३० चा वर्ग ९००, १२ चा १४४, मिळून १०४४, वर्गमूळ ३२ च्या थोडं पुढं. म्हणजे घर सरळ रेषेत ३२३० पावलांवर, सुमारे २ किलोमीटर ३०० मीटर. तुम्ही घरापासून उत्तरेकडं, पण २२ अंश मावळतीला कललेले. परतताना तोंड दक्षिणेला करून तेवढंच उगवतीकडं कललात की घराच्या कौलांवर नजर जाईल.

जास्त चुकते ती दिशा, अंतर क्वचितच. दिशेत एका अंशाची चूक झाली तर एक किलोमीटरवर साडेसतरा मीटर बाजूला निघता. पाच अंश चुकलात तर जवळजवळ नव्वद मीटर, म्हणजे भलत्याच मळ्यात, जिथलं कुत्रं तुम्हाला ओळखत नाही. होकायंत्र वापरत असाल तर त्याची उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्याकडं एक अंशाचाही फरक नाही, ती काळजी सोडा. फक्त विजेच्या खांबापाशी आणि मोटारसायकलच्या सीटवर ठेवून ते वाचू नका.

प्रश्न : पुण्यातून निघून १०० किमी उत्तरेला, १०० पूर्वेला, १०० दक्षिणेला आणि १०० पश्चिमेला गेलं तर पुन्हा तिथंच यायला हवं. भाऊ म्हणतो येत नाही. कोण बरोबर? (बारावीची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : भाऊ. पण त्याला लगेच सांगू नकोस.

जमा-नावेची आपली वही सपाट कागदावर चालते. पृथ्वी गोल असल्यामुळं उत्तरेला गेलं की रेखावृत्तं जवळ जवळ येतात. उत्तरेकडच्या बाजूवर तू १०० किमी पूर्वेला गेलीस, त्यात जरा जास्त रेखांश ओलांडलेस. खाली येऊन १०० किमी पश्चिमेला परतलीस, तिथं रेखावृत्तं थोडी लांब लांब आहेत, म्हणून कमी ओलांडलेस. तो फरक शिल्लक राहतो. पुण्याच्या अक्षांशावर मी हिशेब केला: तू निघाल्या जागेपासून सुमारे अर्धा किलोमीटर पूर्वेला उभी असशील. ओळखीचा चौक दिसेल, घर दिसणार नाही.

हेच चार बाजूंना एकेक किलोमीटरच चालून केलंस तर चूक येते सुमारे पाच सेंटीमीटर, चार बोटांपेक्षा कमी. म्हणून गावाच्या मोजणीत आम्ही जमीन खुशाल सपाट धरतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. देश मोजायचा तर ती सोय नाही. ब्रिटिश लष्करातला मोजणीदार विल्यम लॅम्ब्टन यानं १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे १२ किलोमीटरची पहिली आधाररेषा मोजली, तेव्हा पोलादी साखळी उन्हानं किती लांबते याचासुद्धा हिशेब ठेवला, कारण पुढं देश मोजायला मांडायचे सगळे त्रिकोण त्या एका रेषेवर उभे राहणार होते आणि ते गोल पृथ्वीवर बसवायचे होते. त्रिकोणामागून त्रिकोण मांडत तो उत्तरेला सरकत राहिला आणि १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. माझ्या शेवटच्या बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा घरचे म्हणाले, इतक्या लांब? मी म्हटलं, लॅम्ब्टन मद्रासहून आला होता, आपण साताऱ्याहून जातोय.

प्रश्न : माझ्या खरेदीखतात 'पूर्वेस ओढा' लिहिलंय. ओढा तर दक्षिणेला आहे. शेजारी म्हणतो, मग तुमची जमीन ही नव्हेच. रात्रीची झोप गेली आहे. (शेतकरी भगिनी, तासगाव तालुका)

उत्तर : ताई, झोपा निवांत. चतुःसीमा लिहिताना बांधावर उभं राहून कुणी होकायंत्र काढत नाही. जुन्या माणसांनी उगवत-मावळत अंदाजानं सांगितली, लिहिणाऱ्यानं लिहिली. त्यात ओढा सरळ वाहत नाही. वरच्या कोपऱ्यात तो खरंच पूर्वेला असेल आणि खाली वळून दक्षिणेला आला असेल. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गटाच्या नकाशाची नक्कल घ्या आणि त्यावरचा उत्तरेचा बाण बघा. सकाळी शेताच्या मधोमध नकाशा जमिनीवर ठेवून बाण उत्तरेला करा, आणि ओढा कागदावर कुठं आहे, डोळ्यांसमोर कुठं आहे ते ताडून बघा. गट नंबर आणि क्षेत्र जुळत असेल तर एका शब्दानं जमीन जात नाही. तरीही शब्द चुकीचा निघाला तर विकणाऱ्याला सोबत घेऊन चूक दुरुस्तीचा दस्त नोंदवता येतो. बांधाचाच वाद असेल तर मोजणीचा अर्ज करा. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला आधी चहाला बोलवा, आणि सर्व्हेअर कुठल्या टोकाला उभा राहतो ते बघा.